मोड

ओतानीच्या वळणावर, जिथं बस थांबत नाही, फक्त हळू होते,
शिगेनोबाईंची टपरी आहे.
टपरीत कुणी नसतं.
चार फळ्या, वर पत्रा, मुळे, वांगी, आल्याच्या पुड्या,
आणि खिळ्याला टांगलेला चहाचा जुना डबा,
झाकणाला चीर पाडलेला.
शंभर येन टाका, घेऊन जा.

माझी ओसाकात तीन दुकानं आहेत.
तिन्हींत मिळून बेचाळीस कॅमेरे.

नऊ वर्षांचा होतो तेव्हा
त्या डब्यात मी एक वायसर टाकला होता,
बापाच्या सायकल दुरुस्तीतला.
टोमॅटोला तेव्हा पन्नास पडायचे.
पन्नासच्या नाण्याला मधे भोक असतं,
वायसरलाही असतं,
आणि डब्यात पडताना दोन्ही सारखेच खणखणतात,
निदान बाहेर उभ्या असलेल्या पोराला तसं वाटतं.
खरं नाणं खिशात राहिलं. त्याचा बर्फाचा गोळा खाल्ला.
टोमॅटो उन्हानं कोमट होता, रस कोपरापर्यंत आला होता.
बर्फाची चव काही केल्या आठवत नाही.

पुढं पैसा आला.
खोटं कशाला बोलू, त्याच्याबरोबर सुखही आलं.
आईचे गुडघे बदलले, मुलीला पियानो घेतला,
हिवाळ्यात सगळ्यांचे पाय गरम राहिले.
पैशानं सुख मिळत नाही म्हणणाऱ्यांनी
आमच्या जुन्या घरातली जानेवारी पाहिलेली नाही.
पण रात्री गल्ला मोजताना
एखादं भोकाचं नाणं बोटाला लागायचं
आणि मी ते दिव्याकडे धरून
आरपार बघायचो.
पन्नास वर्षं.
पन्नास येनसाठी.
धंद्यात असा तोटा मी कधी सोसला नसता.

यंदा ऑगस्टात, पितरांच्या दिवसांत, गावी गेलो
आणि दहा हजारांची कोरी नोट
घडी घालून चिरेतून आत सरकवली.
नोट वाजत नाही.
गाडीत बसताना अंग हलकं झालं होतं.
चार दिवस टिकलं ते.

ऑक्टोबरात आईच्या स्मरणदिनाला परत गेलो, तर होरिउची म्हणाला,
"ऐकलंस का? कुणी दीडशहाणा
डब्यात दहा हजार टाकून गेला, मोड न घेता.
एक्क्याण्णवाव्या वर्षी म्हातारीची झोप उडवली.
रोज तिन्हीसांजेला वळणावर येऊन उभी राहते,
येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेत बघते.
स्वतःचा घोर माणसानं
दुसऱ्याच्या उशाला ठेवू नये रे."
मी चहा प्यायलो.
चहा गरम आहे म्हणालो.

टपरीत, मुळ्यांच्या शेजारी, एक पाकीट होतं.
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर नदीतला गोटा.
मधल्या काळात दोन वादळं येऊन गेली होती.
लोक आले होते, मुळे नेले होते, शंभर टाकले होते,
आणि गोटा जिथल्या तिथं.
पाकिटावर कापऱ्या हातानं लिहिलेलं:
आपली मोड राहिली.
कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

उभ्या उभ्या मोजले. सवय.
नऊ हजार नऊशे पन्नास.
पुन्हा मोजले.
पाकीट उलटं केलं, तेव्हा तळाशी अडकलेलं काहीतरी
तळव्यावर पडलं. गंजलेलं, मधे भोक.
आणि कॅलेंडरच्या पाठीवर एक ओळ:
पन्नास पोचले. व्याज मी लावत नाही.

कधीपासून माहीत होतं तिला?
त्याच संध्याकाळी? डबा उपडा करताच?
म्हणजे त्यानंतरची तीन वर्षं, शाळेतून येताना,
ती मला हाक मारून फुटकी काकडी द्यायची, ती...

खिशातलं शंभराचं नाणं काढलं,
जरा उंचावरून सोडलं.
मुळा घेतला, पाल्यासकट, बाहीला माती लागली.
टेकडीवरच्या घरात दिवा होता.
वर जावं असं वाटलं, आणि पाय उतारालाच लागले.
दोन वळणं खाली येईतो
मागं वळून पाहिलं,
दिवा मालवला होता.