क्लिअरन्स

उद्यमबागेत छत्तीस वर्षं मी बोअर काढले.
शाफ्ट किती, बुश किती, मधे तेलाला जागा किती,
हे बोटांना आधी कळतं, मायक्रोमीटरला नंतर.
म्हणून केंचा जिन्यात थांबला
आणि मागच्या उजव्या पायातून तो आवाज आला,
तेव्हाच शालनला म्हटलं,
कोरडं चालूलालंय गं. तेल संपलंय.

केंचा तसा माझा नव्हे.
फौंड्रीच्या गेटवर रात्रपाळीला इराप्पा असायचा, त्याचा.
इराप्पा काम सोडून सौंदत्तीकडे गेला,
बसमध्ये कुत्रं घेईनात.
म्हणाला, चार दिवस ठेवा, येतो न्यायला.
त्याला नऊ वर्षं झाली.
आमच्यात राहून मराठी आली त्याला.
भाकरी, आंघोळ, गप बस, सगळं कळतं.
खरं, दुखायला लागलं की विसरतो.
मग जमिनीवर बसून
'बारो, केंचा, बारो' म्हणावं लागतं,
जमेल तितकं इराप्पाच्या आवाजात.

डॉक्टर हुक्केरी बाईंनी फिल्म उजेडावर धरली.
खुब्याची वाटी, वाटीत गोळा,
कड झिजून करवतीसारखी.
मी म्हटलं, बाई, बुश बदलूया की.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुसरं एक आहे.
त्याच्याच पोटाखालची चिमूटभर चरबी काढायची,
तिच्यातल्या काही पेशी वेगळ्या करून वाढवायच्या,
हाड व्हायचं की कुर्चा
हे अजून न ठरवलेल्या,
आणि सुईने सांध्यात सोडायच्या.
मग तिथे नवा कुर्चा धरतो?
बहुतेक नाही, म्हणाल्या.
सूज उतरते, आजूबाजूच्या पेशी कामाला लागतात.
काही कुत्री पळतात, काही तशीच राहतात.
एवढं खरं बोलणारा सप्लायर
मला छत्तीस वर्षांत भेटला नाही.

नमुना पुण्याला पाठवायचा की बेंगळुरूला?
बेळगावात काहीही काढा, हा प्रश्न येतोच.
रात्रीची गाडी आधी बेंगळुरूची होती.
बर्फाच्या डब्यावर रियाजने पट्टी चिकटवली,
दोन्ही लिप्यांत लिहिलं: केंचा होनगेकर.
माझं आडनाव त्याला तेव्हा पहिल्यांदा लागलं.
शालन म्हणाली, त्याला बेंगळुरू,
माझ्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला.
मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

त्या रात्री झोप येईना.
पाचशे किलोमीटरवर कुठल्यातरी काचेत
त्या वाढत असतील,
एकीच्या दोन, दोनाच्या चार,
काय व्हायचं ते अजून न ठरवता.
आम्हाला इथे पाळण्यातच विचारतात.
पाटीवर कुठलं अक्षर वर, कुठलं खाली,
यावरून माझ्या बापाने लाठी खाल्ली.
त्याचाही गुडघाच गेला.
मरेपर्यंत तो पाऊस यायच्या आदल्या दिवशी सांगायचा.

तिसऱ्या आठवड्यात सुई दिली.
घरी आणला तेव्हा पोटावर केसांचा चौकोन भादरलेला,
डोळे दारूड्यासारखे.
पहिला आठवडा काही नाही.
दुसरा, काही नाही.
इराप्पाला फोन लावला. नंबर आता दुसऱ्या कुणाचा होता,
तो माणूस मात्र चांगला बोलला,
नाई हेगिद्दाना, म्हणाला. कुत्रं कसं आहे?
मला उत्तर देता आलं नाही, दोन्हीत.

मग सहाव्या आठवड्यात एका सकाळी,
पाळीचा भोंगा व्हायच्या आधी,
केंचा गल्लीच्या टोकाला गेला, हुंगला,
आणि रियाजच्या स्कूटरच्या चाकाशी
सगळं वजन उजव्यावर टाकून
डावा पाय वर उचलला.
दोन वर्षं खाली बसून करत होता.
तीन पायांवर, किंचित थरथरत,
सात सेकंद, आठ असतील.
मायक्रोमीटर खिशात होतं. हात गेला तिकडे,
मग तसाच राहिला.

वरच्या खिडकीतून रियाज ओरडला, स्कूटर!
केंचाने घाई केली नाही. पुरं केलं,
आणि जिन्याकडे वळला.

पहिल्या पायरीशी थांबला.
ते आहेच.