न्यूट्रल

मोतीराम वैती लिव्हर मधे आणायला लावतात
आणि म्हणतात, आता काही करू नकोस.

माझगावच्या गोदीत दोन ट्रॉलरांमध्ये
एक फट. जेमतेम सव्वा बोट मावेल.
ट्रॉलरवर एकजण जाळं शिवत बसलाय,
मान वर न करता लोंबते पाय आत घेतो.

ओहोटी लागलीय. पाणी खालून ओढतंय,
वारा वरून ढकलतोय. मधे शेठची पांढरी यॉट,
जिच्यावरचा एक ओरखडा माझ्या तीन पगारांचा.

"रिव्हर्स टाक. चिमूटभर.
शेपटी डावीकडे जाईल, जाऊ दे.
ढंग आहे तिचा, खोड नव्हे."

जाते.
पंख्याखालचं काळं पाणी घुसळून वर येतं,
त्यात एक दुधाची पिशवी.
परत न्यूट्रल.

हात रिकामे. वेगच नसला
की सुकाणूही ऐकत नाही.
धक्क्याच्या भिंतीवरची कालवं
मोजता येतील इतक्या जवळ,
चौदा, पंधरा,
सोळावं फुटकं.

मग फेंडर दबतो,
कुणी झोपेत कूस बदलावी तसा आवाज.
जाळंवाला दोर झेलतो, दोन वेढे मारतो,
पुन्हा सुई उचलतो.

वैती तंबाखू मळायला घेतात.
माझा हात अजून लिव्हरवर.
इंजिन सुरूच आहे,
हे मला आत्ता ऐकू येतं.