हातचा एक

फळ्यावर मी लिहिलं : छत्तीस भागिले पाच.
तोक्तोसुन खिडकीबाहेर बघत बसला,
नारिन नदीच्या पलीकडे, जिथे बर्फ
डोंगराच्या खांद्यावरून खाली यायला लागला होता.
बऱ्याच वेळाने म्हणाला, "सात."
"आणि बाकी एक," मी म्हणाले.
"बाई, उरतो तो चुकलेला असतो का?"
वर्ग हसला. मला उत्तर सुचेना,
म्हणून मी पुढचं गणित घातलं.
आम्ही शिक्षक असंच करतो.

त्याच्या नावाचा अर्थ : राहू दे.
आधीची तीन राहिली नव्हती.
आमच्या खोऱ्यात अशी नावं पुष्कळ.
हजेरी घेताना मी ती भराभर वाचते.

मग एकदा घरून पट आणला, अक्रोडाच्या लाकडाचा.
माझ्याकडे नऊ खळगे, त्याच्याकडे नऊ,
प्रत्येकात नऊ नऊ,
आणि जिंकलेलं टाकायला दोघांना एकेक कढई.
तोगुझ कोरगोल. सरळ सांगायचं तर नऊ लेंड्या.
मेंढपाळांचा खेळ, त्यांच्याजवळ दुसरं होतं काय?
माझ्या गोट्या निम्म्या हरवलेल्या.
"मी आणतो," म्हणाला,
आणि सोमवारी पिशवी घेऊन हजर :
वाळून खडखडीत झालेल्या, एका मापाच्या,
हजारोंतून निवडलेल्या.
मुख्याध्यापिका दारापर्यंत आल्या, नाक मुरडून गेल्या.
गणिताला वास नसतो, असं त्यांचं मत.

एका खळग्यातल्या सगळ्या उचलायच्या,
पहिली तिथेच ठेवायची, मग एकेक पुढे पेरत जायचं.
शेवटचीने समोरचा खळगा सम केला
तर तो अख्खा आपला.
पहिल्याच खळग्यातून सुरुवात केलीस
तर नववीही आपल्याच अंगणात पडते, हात कोरडा.
दुसऱ्यातून निघालास तर कुंपणापलीकडे दहा.
हे मी सांगितलं नव्हतं.
तीन डाव तो पहिल्यातून निघाला.
चौथ्यात नाही.

फेब्रुवारीत तो मोजेनासा झाला, नुसता बघायचा.
खळग्यात तेरा असल्या तर तेरावी कुठे पडणार
हे त्याच्या हनुवटीला आधी कळायचं,
ती तिकडे वळायची.
त्याच्या हनुवटीवर नजर ठेवून मी दोन डाव जिंकले,
हे आज कबूल करते.

त्या दिवशी बाहेर उणे एकोणीस.
शेगडीपाशी त्याची धाकटी बहीण झानिल झोपलेली,
घरी कोणी नसलं की तिला तो सोबत आणायचा.
डाव संपला. मी माझी कढई मोजली : चौऱ्याऐंशी.
जिंकलेच होते. त्याची मोजायची गरज नव्हती.
त्याने मोजली. सत्त्याहत्तर.
"एक सम, एक विषम," तो म्हणाला,
"असं होत नाही, बाई.
सगळ्या मिळून सम आहेत. दोघांच्या सम येतील,
नाहीतर दोघांच्या विषम."
बेरीज त्याने अजून केलीच नव्हती.
मग उभा राहिला,
संध्याकाळी कळप आत घेताना बाप उभा राहतो तसा,
आणि हळूच म्हणाला, "एक बाहेर राहिलीय."

आम्ही बाकांखाली शोधलं. बुटांत शोधलं.
राख चाळली, माझ्या कोटाचं अस्तर चाचपलं.
शाळा सुटून तास झाला होता,
आणि दोन माणसं एका लेंडीसाठी गुडघ्यांवर.

सापडली झानिलच्या मुठीत.
झोपेतही घट्ट धरलेली, घामाने ओली.
त्याने दोन बोटं उचलून पाहिली
आणि पुन्हा अलगद मिटवली.
"घे ना," मी म्हणाले.
"राहू दे," तो म्हणाला,
आणि स्वतःचंच नाव घेतल्यासारखा लाजला.

मग फळ्यापाशी गेला, न सांगता.
चौऱ्याऐंशी, खाली सत्त्याहत्तर, खाली रेघ.
एकशे एकसष्ट.
खडू थांबला. शेगडीकडे एकदा पाहिलं,
आणि त्याच्या पुढे, जरा वर, बारीक अक्षरात,
हातचा एक.

गणित म्हणून ते चूक होतं.
मी पुसलं नाही.