घट

वेर्ण्याच्या पठारावर, बंद पडलेल्या औषध कारखान्याच्या शेडमध्ये
मी काचेचे धागे सांधते.
लोक म्हणतात, केसाहून बारीक. मी मापून बघितलंय,
माझ्या केसाहून जाडच भरतात.

टेबलावर दोनशे सोळा आरसे, एकमेकांकडे तिरके बघणारे.
एका टोकाला दाबून घट्ट केलेला प्रकाश,
दुसऱ्या टोकाला मेल्विनचं पिंप,
आत उणे दोनशे एकाहत्तर
आणि एका कणानेही दचकणारी तार.
मधे नुसता प्रवास.
जे जातं ते मधेच जातं.

डॉक्टर लोटलीकर फळ्यावर एकच आकडा ठेवतात,
कुणाला पुसू देत नाहीत:
शंभर निघाले, त्यांतले पोचले किती.
आज बासष्ट.
बासष्टात, ते म्हणतात, साधा संगणकसुद्धा
आपली नक्कल करील, चहा पीत पीत.
त्याला हरवायचं तर नवं गणित नको,
सांधे हवेत.

बाबा शिरदोणच्या खाजनात बांधाचे पांयणी.
भरतीच्या रात्री बॅटरी विझवून
बांधावर आडवे व्हायचे, कान चिखलाला.
कुर्लीनं पाडलेलं एक बीळ, अंगठ्याएवढं,
आणि सकाळी अख्खं शेत खारट.
समुद्र फोडून येत नाही गो, म्हणायचे,
झिरपून येतो.

एका सांध्यात डेसिबलचा पन्नासावा भाग,
दुसऱ्यात जरा जास्त,
तिसऱ्यात माझ्याच बोटाचा ठसा,
दुपारच्या सुंगटाच्या हुमणाचा तेलकट अंश.
कुणाला सांगितलं नाही.
अल्कोहोलनं पुसला.
त्रेसष्ट.

मे महिन्यात वीज गेली, हेलियमची लॉरी
अनमोड घाटात अडकलेली.
पिंप हळूहळू तापत गेलं.
मेल्विन त्याला टेकून बसला रात्रभर,
आजारी बैलाजवळ बसावं तसा.
पुन्हा थंड व्हायला आठवडा. आकडा तसाच, खडूचा.

बाबांना एकदा आणलं इथे, चपला बाहेर काढायला लावून.
टेबलाभोवती फिरले, हात पाठीमागे.
उजेड खंय? दिसत नाही तो.
म्हटलं, डोळ्यांना दिसणारा नव्हे हा.
मग गळतो कुठे, हे कसं कळतं तुला?
मोजून. आधी आणि नंतर.

पटलं नसावं.
गुडघ्यांवर हात ठेवून ते वाकले
सतराव्या सांध्यापाशी,
मान तिरकी केली
आणि कान लावला.