मजुरीचा रकाना

वेंगुर्ल्याच्या बंदरावरून थोडं आत
सुक्या बांगड्याच्या वासात आमची खोली.
दोन शिवणयंत्रं, त्यातलं एक उन्हाळ्यापुरतं;
पावसात त्याचा पट्टा सैल पडतो,
रोझलीन म्हणते, माझ्या नवऱ्यासारखा.

कुडाळहून बाई आल्या तीन दिवसांच्या वर्गाला.
फळ्यावर रकाने आखले:
कापड, दोरा, वीज, मजुरी.
आम्ही पाचजणी. सातवीच्या पुढे मी एकटीच गेलेली,
आठवीत गणितात आपटलेली.
म्हणून वही माझ्याकडे.

कापड, जुनी लुगडी, घरचीच: शून्य.
बाई म्हणाल्या, शून्य कसं?
लुगडं कधीतरी विकत घेतलंच होतं ना?
जुबेदा हसली. मी शून्य खोडलं.
दोरा साठ रुपये.
मजुरीपाशी पेन थांबलं.

किती तास लागतात एका गोधडीला?
भागीरथी गिरपनं खिडकीबाहेर पाहिलं.
घड्याळ आहे तिच्या घरी,
मुलाच्या दहावीसाठी आणलेलं.
दहावी संपली, मग सेलही संपला.
"भरती लागली की बसतंय.
ओहोटी लागली की तिसरे काढूक जातंय.
अशो सोळा भरत्यो."

बाईंचा खडू हवेतच.
मग मीच मांडलं: भरतीचे तास सहा,
सहा गुणिले सोळा, हातचे तीन,
शहाण्णव.
तासाला चाळीस धरले. एकदा गुणलं,
परत गुणलं, विश्वास बसेना:
तीन हजार आठशे चाळीस.
गेल्या मे महिन्यात अशीच एक
आम्ही नऊशेला दिली होती.
वर पिशवी फुकट.

कुणीच काही बोललं नाही.
रोझलीनची क्रोशाची सुई तेवढी चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी भागीरथी लवकर आली.
"माका आकडे शिकव. नाव रवांदे."
पाटीवर तिचा सहा
सारखा तोंड फिरवायचा, तीन व्हायचा.
म्हटलं, काकी, ही अर्धी मजुरी गेली.
तिनं पाटी सारली. सुईत दोरा ओवला,
चिंधीवर घातला सहा. चुकला. उसवला.
परत घातला, परत उसवला.
खोडताना लाजत होती,
उसवताना नाही.

पणजीचा दुकानदार आला तेव्हा
नव्या गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं ९६.
त्यानं कोपरा उलटून पाहिला.
हा नंबर कसला? मापाचा?
"तासांचो," ती म्हणाली, मान वर न करता.
तो हसला. दोन हजार म्हणाला.
तिनं गोधडीची घडी घातली,
चारी कोपरे जुळवून, सावकाश,
जशी घरात पाहुणा नसताना घालतात.

अजून ती ट्रंकेत आहे, डांबरगोळ्यांत.
विकली गेली असं खोटं का लिहू?
दुसरी लावायला घेतली आहे.
कोपऱ्यात आकड्याची जागा सोडली आहे,
मी दोन आकड्यांची म्हटलं.
ती म्हणाली, तिनांची सोड.
हात आता हळू चालतात.