बाणाचा ण

नेवालाच्या पठारावर पाणी दरीतून वर येतं,
बायकांच्या डोक्यावर बसून.
म्हणून ते कुणी सांडत नाही.
मडक्यात, पिंपात, फुटक्या तसराळ्यातसुद्धा
जपून ठेवतात.
त्याच जपलेल्या पाण्यात
डासाची मादी तिची अंडी जपते.

चिटांडा म्पिंगोचं लाकूड कोरतो.
(आपल्या शिसवाचा हा काळा चुलतभाऊ.)
कोरायचा, म्हणायला हवं.
मार्चपासून वाकस हातात ठरत नाही.
बोटं मिटलेली, गुडघे मिटलेले,
घोटे कसाव्याच्या कंदांसारखे.
माकोंडे भाषेत यासाठी जुनं क्रियापद आहे:
वाळून वाकडं होणं.
जगानं त्यातूनच आजाराचं नाव उचललं.
तो म्हणतो, नाव नेलं ते नेलं,
दुखणंही घेऊन जायचं होतं.

म्त्वाराहून लिउंडीबाई येते रक्त घ्यायला.
सोमोए तिला विचारते,
डासाच्या सोंडेत मावणारी वस्तू
माझ्या बापाला वाकवते कशी?

ती काजूच्या झाडाखाली बसते, बाटल्यांवर नंबर घालता घालता सांगते.
चिठ्ठी असते ती.
अकरा-बारा हजार अक्षरांची, पाकिटासकट.
आपल्याच पेशी ती फोडतात, वाचायला बसतात,
तीन अक्षरं, पुन्हा तीन, पुन्हा तीन,
आणि जे वाचतील ते घडवत जातात.
चिठ्ठीत एका जागी
एकच अक्षर सहा वेळा लागोपाठ आहे.
तिथं वाचणाऱ्याचा पाय निसटतो.
एकच अक्षर मागे.
दर वेळी नाही. शंभरात दहा, फार तर पंधरा वेळा.

ती हे स्वाहिलीत सांगते.
मी माझ्यापुरतं आपल्या अक्षरांत मांडून बघतो:

सहज हरण

तीन आणि तीन. आता ज-वर घसरा,
ज पुन्हा वाचा:

सहज जहर

आणि शेवटी ण उरतो, एकटा.
ण-नं आपला एकही शब्द सुरू होत नाही,
वाचणं तिथंच खुंटतं.
शाळेत गुरुजी त्याला बाणाचा म्हणायचे.

घसरून झालेलं ते प्रथिनही असंच निघतं,
आखूड, तुटक्या शेपटीचं.
ते नसलं तरी विषाणू जगतो.
याच्या भाऊबंदांवर, उंदरांत, करून पाहिलंय:
वाढतो, पण ताप फारसा चढवत नाही,
जरा मवाळ पडतो.
किती पिढ्या ती चूक
तशीच नकलून घेतली जातेय,
खाडाखोड न करता.

चिटांडा इतका वेळ गप्प.
मग हनुवटीनंच कोपऱ्यातला खांब दाखवतो.
माणसांच्या खांद्यावर माणसं, त्यांच्या खांद्यावर आणखी,
अख्खं कूळ एका बुंध्यात.
तिसऱ्या बाईच्या कोपरावर एक कान आहे.
"तिथं गाठ होती. वाकस घसरला.
लाकूड फेकायचं कसं? कान केला.
गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो,
ही बाई हातानं ऐकते."

लिउंडीबाई हसते. म्हणते, अगदी हेच, मझे, अगदी हेच.
तो हसत नाही.
दोन्ही हात मांडीवरून उचलून तिच्यापुढे धरतो,
जेवढे उचलता येतात तेवढे.
"माझ्या घसरणीचा कान झाला," तो म्हणतो.
"त्याच्या घसरणीचं हे."

तिच्याकडे उत्तर नसतं. बाटल्या असतात,
बर्फ वितळायच्या आत बस गाठायची असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोमोए पिंपाचं फडकं सोडते,
भांडंभर पाणी घेऊन पुन्हा घट्ट बांधते,
कोमट करते,
आणि बापाची बोटं त्यात उघडायला बसते.
करंगळी. तिच्याशेजारची. मधलं.
तर्जनीपाशी तो कळवळतो, हात निसटतो,
तिन्ही बोटं परत मिटतात.
ती पुन्हा करंगळीपासून.