सोबतीला, बदलीला नाही

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टावर एकवीस वर्षं
मी चुन्याच्या रेघा आखतो,
जाळी ताणतो, चेंडू गोळा करतो.
मला झालं नाही.
झालं पंचफुलाला,
जिनं रॅकेट एकदाच हातात धरली होती,
तीही उंदीर हाकलायला.

मेडिकलच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं: टेनिस एल्बो.
मी वाचून दाखवलं तर म्हणाली,
"काहो, तुमच्या कोर्टावरचं दुखणं
माह्या हातात कसं आलं?"

कसं आलं ते मला ठाऊक होतं.
पाचपावलीत पहाटे चारला परातीत पाच किलो कणीक,
पाणी सोडत सोडत आपटायची,
तार सुटेपर्यंत आपटायची,
मग गोळा मनगटावरून कोपरापर्यंत लोंबवायचा
आणि पालथ्या मडक्यावर टाकायची लंबी रोटी,
जुन्या धोतरासारखी पातळ.
तीन सावजी भोजनालयांत जायची ती.
खाणारा रश्श्याचं कौतुक करायचा.
सव्वीस वर्षांत कणीक किती वेळा आपटली,
हिशोब मी ठेवला नाही.
कोपरानं ठेवला.

जानेवारीत चहाचा कप सुटला.
मग किल्ली फिरेना.
मग ओलं फडकं पिळता येईना,
तसंच थबथबतं वाळत घालायची,
मला वाटायचं, आळस.

गोळ्या आल्या, पट्टा आला, व्यायामाचा कागद आला.
शेजारच्या कुंदाताईनं महालातल्या
पिंपळापुरे वैद्यीणबाईंचं नाव सांगितलं.
बाईंनी कोपराचा बाहेरचा उंचवटा चाचपला.
पंचफुला "स्स" म्हणाली.
"याला आमच्याकडे कूर्पर म्हणतात. मर्म आहे.
मर्मावर जोर करायचा नसतो, नुसता हात ठेवायचा."
मी विचारलं, मग मेडिकलचं सगळं बंद करू?
त्यांनी चष्मा काढला.
"एकही गोष्ट नाही. मी सोबतीला आहे, बदलीला नाही.
आणि मडक्याला सुटी द्या.
ती माझ्याकडे पुडीत मिळत नाही."

तिळाचं तेल इतवारीतून आणलं.
निर्गुंडी शोधावी लागली नाही.
कोर्टाच्या कुंपणाला ज्या झुडपावर
मी एवढी वर्षं सायकल टेकवत आलो,
ती तीच निघाली.

रात्री पाला तव्यावर परतायचा, पुरचुंडी बांधायची,
आधी माझ्या गालाला लावून पाहायची.
त्या आधी कोमट तेल.
माझे तळवे चुन्यानं फाटलेले.
"रोलर फिरवून राह्यले का? कोर्ट नाई हे!"
मी हात हलका केला.
तेव्हा दिसले डाग,
मडक्याच्या कडेनं भाजलेले,
मनगटापासून वर एकामागे एक.
काही जुने, पांढरे पडलेले.
मी म्हटलं, हा कधीचा?
"बबलूच्या बारशाचा."
आणि हा?
"झोपू द्या ना आता."

दुसऱ्या आठवड्यात परात मी घेतली.
रोटी मडक्यावर पडलीच नाही,
दंडाला चिकटली, मिशीला चिकटली,
उरलेली राखेत गेली.
पंचफुला डाव्या हातानं पोट धरून हसली.
त्या दिवशी दुखलं का, विचारायचं राहिलं.

आता कूलर लागलेत.
एका भोजनालयानं दुसरी बाई पाहिली,
दुसऱ्याचा फोन येत नाही.
तिसऱ्याला तिची बहीण रोट्या देते,
जरा जाड असतात.
दुखणं गेलं म्हणता येत नाही.
कप धरते. किल्ली कधी फिरते,
कधी दारातून मला हाक येते.
तेलानं गेलं, की व्यायामानं, की मडकं कोपऱ्यात पालथं आहे म्हणून,
बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या,
"कोपराला विचारा."

काल कोर्टावरून टाकलेला एक चेंडू आणला,
लव झडलेला, मऊ.
आता हळूहळू दाबायला हरकत नाही,
असं मेडिकलच्या व्यायामवाल्या पोरीनं सांगितलंय.
पंचफुलानं तो नाकाशी नेला, खाली वर पाहिला,
मुठीत दाबला, सोडला,
पुन्हा दाबला.
"अजून पाणी लागंल याले,"
म्हणाली.